ब्रेक : एका चाकाचा की जोडीचा?

गॅरेजमध्ये मेकॅनिक गाडीची पुढची दोन्ही चाके उतरवतो आणि डाव्या चाकाचा ब्रेक पॅड बोटांत धरून दाखवतो. घर्षणाचा थर संपून मागचा लोखंडी पत्रा दिसू लागलेला असतो. उजव्या चाकाचे पॅड मात्र अजून बऱ्यापैकी जाड. मग प्रश्न येतो, ‘‘साहेब, एकच बाजू बदलू की दोन्ही?’’ त्यावर बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते, ‘‘जी गेली तीच बदल. चांगली कशाला फेकायची?’’ पॅडच्या खोक्यात चार नग निघतात, कारण कंपनी ते डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही चाकांसाठी मिळूनच बनवते. त्यांतले दोन डाव्या चाकात बसतात. उरलेले दोन ‘पुढच्या वेळी होतील’ म्हणून डिकीत जातात.

दोन मिनिटांत घेतलेला हा निर्णय पुढची दोन-तीन वर्षे गाडीसोबत फिरतो. काटकसर हा काही दोष नाही. शर्टाचे एक बटण तुटले म्हणून कोणी सगळी बटणे बदलत नाही. पण ब्रेकचे काम बटणासारखे एकेकट्याचे नसते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या चाकाने एकाच क्षणी, जवळपास सारख्याच जोराने थांबणे हा त्या कामाचा अर्धा भाग आहे. म्हणून नियम थोडक्यात असा : घर्षण करणारे भाग, म्हणजे पॅड, लायनर आणि बहुतेक वेळा डिस्क व ड्रमही, एका ॲक्सलवर जोडीनेच बदलायचे. पुढची जोडी वेगळी, मागची वेगळी. चारही चाकांचे एकदम बदलण्याची गरज नसते. बाकीचे अनेक भाग एकेकटे बदलता येतात. मात्र एकच बाजू आधी का गेली, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे कोणी विचारील. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रातील मृतांचा आकडा १५,२२४ होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात अशा रुग्णाच्या केसपेपरवर ‘आरटीए’ ही तीन अक्षरे लिहिली जातात. किती वाजता, कुठे, हेल्मेट होते का, दारू घेतली होती का, हे विचारले जाते. गाडीचा ब्रेक कसा होता, हे विचारायला तिथे कोणाला वेळ नसतो. बातमीत ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ एवढेच येते. ते का सुटले, हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

ब्रेक नेमके काय करतो

चालत्या गाडीच्या अंगात ऊर्जा असते आणि थांबताना ती कुठे तरी जावी लागते. ब्रेक ती उष्णतेत बदलतो. १,२०० किलोची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला पूर्ण थांबवताना निघणारी उष्णता जवळपास एक लिटर साधे पाणी उकळी येईपर्यंत तापवायला पुरेल. हे काम चार-पाच सेकंदांत होते आणि ते करणारे पॅड तळहातापेक्षाही लहान असतात. त्यातही भार सारखा वाटलेला नसतो. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून थांबवण्याचे साधारण ६० ते ७० टक्के काम पुढची दोन चाके करतात. पुढची जोडी एवढी महत्त्वाची असते ती यामुळेच.

आता एक साधा हिशेब. पुढच्या दोन चाकांवर मिळून ७० टक्के काम आहे असे धरू, म्हणजे प्रत्येकी ३५. त्यांतले एक चाक निम्माच जोर देऊ लागले, तर गाडीची एकूण थांबण्याची ताकद १०० वरून साडेब्याऐंशीवर येते. ऐकायला हे फारसे वाटत नाही. पण चांगल्या ब्रेकची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून ज्या जागी पूर्ण थांबली असती, त्याच जागी ही गाडी अजून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. त्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर एका गाडीने ते वाचते आणि दुसरीने त्याला धडक बसते. प्रत्यक्षात चालक पाय आणखी जोरात दाबून थोडे भरून काढतो, हे खरे. पण तसे करताना चांगल्या बाजूचे चाक आधी लॉक होऊ लागते आणि दुसरे मागेच राहते.

तोटा तेवढ्यावर थांबत नाही. उजवे चाक जोरात धरते आणि डावे सैल, अशी स्थिती आली की गाडी जास्त धरणाऱ्या बाजूला वळू पाहते. ‘ब्रेक मारला की गाडी ओढते’ असे चालक म्हणतात ते हेच. कोरड्या, सरळ रस्त्यावर हलका ब्रेक मारताना हे ओढणे स्टीअरिंग जरा घट्ट धरून सावरता येते. पहिल्या पावसात चिखल-तेलाने निसरडा झालेला रस्ता, वळण आणि अचानक मारलेला ब्रेक हे तिन्ही एकत्र आले, की तेच ओढणे गाडीला समोरच्या लेनमध्ये किंवा कठड्याकडे नेऊ शकते.

नवा आणि जुना सारखे का धरत नाहीत

जाड पॅड जास्त धरतो आणि झिजलेला कमी, असा एक समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब दोन्ही बाजूंना सारखाच पोहोचतो आणि डिस्क ब्रेकमधला पिस्टन झीज भरून काढण्यासाठी आपोआप पुढे सरकत राहतो. म्हणून नुसत्या जाडीने जोर फारसा बदलत नाही. फरक पडतो तो पृष्ठभागामुळे. जुना पॅड हजारो वेळा तापून निवालेला असतो, त्याच्यावर कधी काचेसारखी चकाकी चढलेली असते आणि तो आपल्या डिस्कशी पूर्ण जुळलेला असतो. नवा पॅड अजून रुळलेला नसतो. सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर तो डिस्कच्या बारीक चरांशी जुळवून घेत असतो. त्यात नवा पॅड वेगळ्या कंपनीचा असेल तर त्याचे मिश्रणच वेगळे. एक पॅड थंड असताना चांगला धरतो, दुसरा तापल्यावर. अशी दोन चाके घाटात एकत्र काम करू लागली, तर पहिल्या वळणावर गाडी एकीकडे ओढेल आणि दहाव्या वळणावर दुसरीकडे. पातळ पॅडचा आणखी एक तोटा असतो. त्याच्यातून उष्णता लवकर आत जाते आणि ब्रेक ऑइल जास्त तापते.

ड्रम ब्रेकमध्ये हा फरक अधिकच जाणवतो. ड्रमच्या आतले एक लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढले जाऊन आपोआप आणखी घट्ट दाबले जाते. या गुणामुळे कमी ताकदीत जास्त ब्रेक मिळतो, पण घर्षणातला छोटा फरकही त्यामुळे मोठा होऊन दिसतो. एका बाजूला नवे खरखरीत लायनर आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत झालेले जुने, ही जोडी ड्रममध्ये डिस्कपेक्षाही वाईट वागते.

एबीएस असलेल्या गाडीच्या मालकाला वाटते की यंत्रणा हे सगळे सांभाळून घेईल. एबीएसचे काम चाक लॉक होऊ न देणे एवढेच आहे. ज्या चाकात पकडच कमी आहे तिथे एबीएस ती निर्माण करू शकत नाही.

लंगडणारा माणूस, ओढणारी गाडी

माणसाच्या शरीरात जोडीचे अवयव पुष्कळ आहेत आणि वैद्यक त्यांच्याकडे बहुधा एकेक करूनच पाहते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत असला तरी सहसा एका वेळी एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया केली जाते. जंतुसंसर्गासारखी गुंतागुंत झालीच तर दुसरा डोळा सुरक्षित राहावा, हा त्यामागचा हेतू. मग ब्रेकला वेगळा न्याय का? कारण शरीर जुळवून घेते. एका डोळ्याला स्पष्ट आणि दुसऱ्याला धूसर दिसत असले तरी मेंदू काही दिवस त्यातून मार्ग काढतो. एक गुडघा दुखत असेल तर माणूस नकळत दुसऱ्या पायावर भार टाकून चालतो.

गाडीतही असे जुळवून घेणे होते, पण ते गाडी करत नाही. चालकाचे हात करतात. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याला ती डावीकडे ओढते हे काही दिवसांनी जाणवेनासे होते. ब्रेक दाबताना त्याचे हात आपोआप स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरतात. असमतोल तसाच राहतो, फक्त तो सवयीने झाकला जातो. म्हणून ‘मला तर काही जाणवत नाही’ हे मालकाचे वाक्य ब्रेक ठीक असल्याचा पुरावा मानता येत नाही. रक्तदाब वाढलेला असतानाही बहुतेक रुग्णांना काही जाणवत नाही. तो मापावाच लागतो. सवयीचे हात सरावाच्या ब्रेकपुरतेच उपयोगी पडतात. समोर अचानक म्हैस आली आणि पाय पूर्ण दाबला गेला, की ओढ एकदम काही पटींनी वाढते आणि तेवढे सावरण्याची सवय हातांना नसते. त्या दिवशी गाडी नेहमीच्या मालकाऐवजी मुलाच्या किंवा मित्राच्या हातात असेल, तर तेवढाही आधार नसतो.

लंगडणाऱ्या माणसाचा दुसरा गुडघाही कालांतराने कुरकुरू लागतो. इथेही तसेच होते. जास्त धरणारे चाक जास्त तापते, त्याचे पॅड आणि डिस्क लवकर झिजतात, टायर एका बाजूने खाल्ला जातो. अर्ध्या पॅडसेटची बचत मग वेगळ्या बिलातून निघून जाते.

आधी निदान

एक बाजू झिजली आणि दुसरी शाबूत राहिली, ही घटना मुळात संशय घेण्याजोगी आहे. दोन्ही चाके तेवढेच अंतर धावली, दोन्हींना तेवढाच दाब मिळाला. मग झीज सारखी का नाही? नुसता पॅड बदलणे म्हणजे तापाचे कारण न शोधता तापाची गोळी देणे. काही दिवस बरे वाटते आणि तीच बाजू पुन्हा झिजते.

कारणे बहुधा थोडीच असतात. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकतो आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडतात. तेव्हा एकाच चाकातला आतला पॅड संपतो आणि बाहेरचा तसाच राहतो. रबरी होज जुनी होऊन आतून फुगते. पायाच्या जोराने ऑइल आत जाते, पण पाय काढल्यावर ते चटकन परत येत नाही आणि ब्रेक चिकटून राहतो. यात कॅलिपर बदलूनही दुखणे जात नाही, कारण दोष होजमध्ये असतो. मागच्या चाकात हँडब्रेकची केबल अडकलेली असू शकते.

घरच्या घरी संशय घेता येईल अशा खुणाही आहेत. काही किलोमीटर चालवून गाडी उभी केल्यावर एका चाकाजवळ हात नेताच दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त धग लागते. चाकाला हात मात्र लावू नये, भाजू शकते. एका रिमवर काळी पूड खूप आणि दुसऱ्यावर नावाला. ब्रेक दाबताना स्टीअरिंग एकीकडे फिरते किंवा थरथरते. पेडल नेहमीपेक्षा खोल जाते. ब्रेक ऑइलची पातळी उतरते. लोखंड घासल्यासारखा करकर आवाज येऊ लागला तर वाट पाहण्याची वेळ टळून गेलेली असते.

कोणता भाग जोडीने, कोणता एकटा

‘सगळेच जोडीने’ हाही न्याय नाही. काही गॅरेजांत जोडीचा नियम बिल वाढवण्यासाठी वापरला जातो आणि त्यामुळे ग्राहकाचा खऱ्या सल्ल्यावरचाही विश्वास उडतो. म्हणून यादी स्पष्ट असलेली बरी.

ब्रेक पॅड आणि ड्रममधले लायनर नेहमी जोडीने, एकाच कंपनीचे, एकाच वेळी बदलावेत. यात तडजोड नाही. डिस्क आणि ड्रमही शक्यतो जोडीनेच. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. एक डिस्क त्याखाली गेली असेल तर तेवढीच धावलेली दुसरीही बहुधा जवळपास पोहोचलेली असते. नव्या डिस्कला जुने पॅड लावू नयेत. अपवाद एकच : दोन्ही डिस्क नुकत्याच बसवलेल्या आहेत आणि एखादी दगड लागून किंवा धडकेने खराब झाली, तर तेवढीच बदलली तरी चालते.

कॅलिपरबाबत जाणकारांतही मतभेद आहेत. एक अडकला आणि दुसरा उघडून, साफ करून, मोकळा चालतो असे पाहिले असेल, तर एकच बदलायला हरकत नाही. मात्र त्या वेळी पॅड दोन्ही बाजूंचे नवे हवेत. होज एका वयाच्या असतात. एक फुगली किंवा तडकली तर दुसरीही जुनीच असते आणि किमतीच्या मानाने ती बदलणे शहाणपणाचे ठरते. ड्रममधला व्हील सिलिंडर गळला तर तो एकटा बदलता येतो. पण त्यातून गळलेले ऑइल ज्या लायनरमध्ये मुरले ते धुऊन, वाळवून परत वापरता येत नाही. ते टाकावेच लागते, आणि लायनर आले की जोडी आलीच.

मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइलची टाकी, एबीएसचा सेन्सर, पेडलचा स्विच या भागांना जोडीचा प्रश्न लागू नाही. जो बिघडला तो बदलावा. एका बाजूचा सेन्सर गेला म्हणून दोन्ही बदला असे कोणी सांगत असेल तर कारण विचारावे.

ब्रेक ऑइल हा असा भाग आहे की तो एकच असतो, पण चारही चाकांवर परिणाम करतो. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेसे पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल दाबले तरी बुडबुडेच दाबले जातात आणि पाय थेट तळाला जातो. कोकणातल्या दमट हवेत ठेवलेली गाडी, पाच वर्षे न बदललेले ऑइल आणि घाटाचा उतार यांची गाठ पडणे धोक्याचे आहे. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात.

दुचाकी, रिक्षा आणि ट्रक

२०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. दुचाकीला डावे-उजवे चाक नसते, पण जोडी तिथेही आहे. डिस्कच्या दोन बाजूंचे दोन पॅड आणि ड्रममधले दोन लायनर ही ती जोडी. आतला पॅड संपला म्हणून तेवढाच बदलणे किंवा दोनांतले एक लायनर जुनेच ठेवणे म्हणजे चाकावर दाब वाकडा पाडणे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा आणि त्यावरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. सीबीएस असलेल्या स्कूटरवर पुढच्या लायनरकडे दुर्लक्ष केले, तर दोन्ही चाकांत जोर वाटून देण्याचा तिचा हेतूच फसतो. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांना मोटारीचाच नियम लागू आहे. तीन चाकांवरची गाडी एका बाजूला ओढली गेली तर उलटण्याचा धोका अधिक.

ट्रक आणि बसच्या हवेच्या ब्रेकमध्ये लायनरइतकेच महत्त्व प्रत्येक चाकावरच्या स्लॅक ॲडजस्टरला आहे. लायनर झिजले की ड्रमशी असलेले अंतर वाढते आणि ते ॲडजस्टरने भरून काढावे लागते. एका चाकाचे ॲडजस्टर ढिले राहिले की त्याचे काम बाकीच्या चाकांवर पडते. भरलेला १६ टनांचा ट्रक ५०० मीटर उंची उतरून येतो तेव्हा जी ऊर्जा सोडावी लागते, तिच्यावर सुमारे २५० लिटर पाणी उकळेल. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या गाड्या साधारण एवढी उंची उतरतात. इंजिनचा ब्रेक, म्हणजे खालचा गिअर, यातला मोठा वाटा उचलतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या चालकाने तो सगळा वाटा ड्रमवर टाकलेला असतो. त्यातही चार ड्रमपैकी दोनच काम करत असतील, तर घाट संपण्याआधी ते तापून पकड सोडतात.

काम करणाऱ्याचे फुप्फुस

ड्रम उघडला की आत साचलेली काळी पूड मेकॅनिक हवेच्या पाइपने उडवतो आणि ती त्याच्याच नाकातोंडात जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत. कर्करोग निश्चितपणे निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याची गणना होते आणि त्यातून फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतो. हातातल्या लायनरमध्ये ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. पूड हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसणे, ड्रम आधी ओला करणे, नाकावर चांगला मास्क लावणे एवढे तरी प्रत्येक गॅरेजात व्हायला हवे. हाताशी उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तर नक्कीच, कारण रोग दिसायला लागणारी पुढची चाळीस वर्षे त्याच्यासमोर आहेत.

तपासणार कोण?

ग्रेट ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षी ‘एमओटी’ तपासणी करून घ्यावी लागते. गाडी रोलरवर उभी करून प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर वेगळा मोजतात. एका ॲक्सलवरचे एक चाक दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरले तर गाडी नापास होते. वळणाऱ्या चाकांमध्ये हा आकडा ५० टक्क्यांच्या खाली गेला तर दोष ‘धोकादायक’ ठरतो. म्हणजे किती जोर आहे याबरोबर तो सारखा आहे का, हेही कायद्याने पाहिले जाते.

आपल्याकडे वाहतुकीच्या वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. खासगी मोटार आणि दुचाकीची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते. नोंदणीपासून नूतनीकरणापर्यंतच्या या काळात तिचा ब्रेक तपासून घेण्याची सक्ती नाही. दर वर्षी पीयूसी काढून धुराची तपासणी होते, ब्रेकची होत नाही. रोलरवरची ब्रेकची चाचणी काही मिनिटांचे काम आहे. पाच वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ती दोन-तीन वर्षांतून एकदा लागू करणे अशक्य नाही. अपघात विभागांतल्या खाटा वाढवण्यापेक्षा त्याचा खर्च खचितच कमी येईल. तपासणी नावापुरती होऊ नये यासाठी मोजलेले आकडे कागदावर छापून गाडीमालकाच्या हाती द्यावेत. डावे किती, उजवे किती, हे दोन आकडे कोणालाही वाचता येतात.

ते होईपर्यंत गाडीचा खरा तपासनीस गॅरेजमधला मेकॅनिकच आहे. त्याला चार प्रश्न विचारायचे. दुसऱ्या बाजूचा पॅड काढून पाहिला का? हीच बाजू आधी का झिजली? दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा सेट बसतो आहे ना? डिस्कची जाडी मोजली का? काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल काही वेळा दाबून कडक झाले आहे ना हे पाहावे, कारण मागे ढकललेले पिस्टन जागेवर येईपर्यंत पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का, ते बघावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत.

आणि डिकीत पडलेले ते दोन नवे पॅड आजच दुसऱ्या चाकात बसवून घ्यावेत. पैसे त्यांचेही दिलेले आहेत.